इगेदे म्हणजे इडोमा नव्हेत

नायजेरियाच्या बेन्यू राज्यातले इगेदे लोक ही इडोमांचीच एक पोटजमात आणि त्यांची भाषा ही इडोमाची बोली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

गोंधळाचं एक कारण भाषाशास्त्रातलं आहे. इगेदे ज्या शाखेत मोडते तिचं नावच ‘इडोमॉइड’. नाव मोठ्या भावाचं, म्हणून बाकीची भावंडं त्याची लेकरं ठरत नाहीत! ‘अलागो’ आणि ‘याला’ याही याच शाखेतल्या स्वतंत्र भाषा आहेत. दुसरं कारण राजकीय. बेन्यू दक्षिण या सिनेट मतदारसंघात नऊ स्थानिक शासन क्षेत्रं येतात. त्यांतली ओजू आणि ओबी ही दोन इगेदेंची, उरलेली प्रामुख्याने इडोमांची. बाहेरचा माणूस मग सगळ्यांना एकाच नावाने हाक मारून मोकळा होतो.

इगेदेंची मौखिक परंपरा मात्र त्यांचं मूळ आजच्या एडो राज्यातल्या साबोंगिडा-ओरा भागात सांगते. तिथल्या लोकांशी संघर्ष झाला आणि पूर्वज निघाले, अशी ती कथा.

सप्टेंबरमधला ‘इगेदे-आग्बा’ हा त्यांचा स्वतःचा सण, नव्या यॅमच्या पिकाचा. (यॅम म्हणजे रताळं नव्हे, आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद.) त्यांचं ओगिरिन्या नृत्य तर पाहत राहावं असं: नाचणारा बराच वेळ चवड्यांवरच असतो, मध्येच झपकन उसळतो, पुन्हा चवड्यांवर.