एमआरआय नॉर्मल, तरी अंग लुळे

काही महिन्यांचे बाळ अचानक एक हात हलवेनासे होते. काही तासांनी, कधी काही दिवसांनी हात पूर्ववत होतो. पुढच्या खेपेला दुसरी बाजू लुळी पडते, क्वचित दोन्ही एकदम. त्याआधीच एका डोळ्याचे बुबुळ थरथरत असल्याचे कित्येक आयांच्या लक्षात आलेले असते. हा आहे बालपणीचा आलटूनपालटून येणारा अर्धांगवायू, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एएचसी'. दहा लाखांत साधारण एखाद्या मुलाला होणारा हा आजार वयाच्या 18 महिन्यांच्या आत सुरू होतो. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद 1971 सालची.

अशा बाळाचा एमआरआय तातडीने काढतात, कारण पहिली भीती पक्षाघाताची (स्ट्रोकची) किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद करणाऱ्या मोयामोया आजाराची असते. स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. आईवडिलांना वाटते, मग काहीच नाही का? पण हा स्वच्छ स्कॅनही निदानाच्या कामी येतो: मेंदूची बांधणी शाबूत आहे, बिघाड कारभारात आहे. रक्तप्रवाह आणि साखरेचा वापर दाखवणाऱ्या स्पेक्ट आणि पेट स्कॅनमध्ये कधीकधी बदल दिसतात, पण सगळ्या मुलांत सारखे नाहीत. त्यांच्या भरवशावर निदान होत नाही. व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, मात्र हवाच. यातल्या जवळपास निम्म्या मुलांना फेफरेही असते, आणि कोणता झटका कशाचा हे नुसते बघून सांगता येत नाही. एएचसीला फेफरे समजून वर्षानुवर्षे औषधे दिली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

खरा धागा 2012 मध्ये सापडला. बहुतेक मुलांत एटीपी1ए3 या जनुकात उत्परिवर्तन असते, तेही सहसा आईवडिलांकडून न आलेले, नव्याने घडलेले. हे जनुक चेतापेशींच्या आवरणातला एक पंप घडवते: दर फेरीला सोडियमचे 3 आयन बाहेर, पोटॅशियमचे 2 आत. या जातीचा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या चेतांवर काम करताना 1957 मध्ये दाखवला. त्याबद्दल त्यांना 1997 चे नोबेलही मिळाले. पंप अडखळला की चेतापेशी विद्युतभार नीट सावरू शकत नाही.

गरम पाण्याची अंघोळ, लख्ख उजेड, फार आनंद किंवा रडारड यांनी झटका येऊ शकतो. उतारा विलक्षण आहे: झोप. डोळा लागला की लुळेपणा ओसरतो. झटका लांबलेला असेल तर जागे झाल्यावर दहा-वीस मिनिटांत तो परततो, म्हणून जाणते पालक तेवढ्या वेळात मुलाला भरवून, पाणी पाजून घेतात.

औषधांत फ्लुनारिझिनचा वापर सर्वाधिक. बऱ्याच मुलांत झटके कमी किंवा सौम्य होतात, आजार मात्र जात नाही. काहींना टोपिरामेटचा उपयोग होतो. हृदयाच्या ठोक्यांतही बिघाड आढळत असल्याने ईसीजी टाळू नये. मुळावर घाव घालणारे काम सध्या उंदरांपुरते आहे: 2025 मध्ये संशोधकांनी नवजात उंदरांच्या मेंदूत प्राइम एडिटिंगने, म्हणजे जनुकातली चूक नेमकी बदलणाऱ्या तंत्राने, हीच उत्परिवर्तने दुरुस्त केली. त्या उंदरांचे झटके घटले, आयुष्यही वाढले.