रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ आलाय : टीबी की सार्कॉइडोसिस?

छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो : ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस’, म्हणजे ग्रॅन्युलोमा असलेली लसीका गाठीची सूज. घरात लगेच टीबीचं नाव निघतं. त्यात गैर काही नाही. आपल्याकडे क्षय एवढा आहे की पहिला संशय त्याच्यावरच जायला हवा. पण रिपोर्ट तसं म्हणत नसतो. पांढऱ्या पेशींनी कशाला तरी घेरून तिथे ठाण मांडलंय, एवढंच तो सांगतो. या घेऱ्यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत त्या घेऱ्यात जंतू असतात. रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवले तेच. सार्कॉइडोसिस या दुसऱ्या आजारातही असेच घेरे होतात, पण त्यात जंतू सापडत नाही, आणि पेशी नेमक्या कशावर उठल्या आहेत हे आजही ठरलेलं नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

लक्षणांवरून अंदाज येतो, निकाल लागत नाही. संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, बेडक्यातून रक्त ही टीबीची ओळख. सार्कॉइडोसिसचा पेशंट बहुधा कोरडा खोकला आणि न जाणारा थकवा सांगतो. पुण्यातली पर्वतीची टेकडी एका दमात चढणारा माणूस आता मधे दोनदा टेकतो. एक्स-रे बघून धास्ती वाटावी आणि ज्याचा तो आहे तो समोर बऱ्यापैकी ठीक बसलेला असावा, ही विसंगती दिसली की सार्कॉइडोसिस आठवावा. घोट्यांची सूज आणि नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी असतील तर आणखीच.

सीटी स्कॅनमध्ये सार्कॉइडोसिसच्या गाठी फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्या दिसतात. टीबीच्या गाठी बहुधा एकांगी असतात, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर मध्ये काळपट व कडेने उजळ दिसतात. सार्कॉइडोसिसच्या रिपोर्टात ‘स्टेज २’ वाचून हबकू नका. ही कॅन्सरसारखी चढती पायरी नाही. एक्स-रेवर काय दिसलं त्याचा तो क्रमांक आहे.

खरा घोळ होतो तुकडा घेताना. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने गाठीचा नमुना काढतात, त्याला ईबस म्हणतात. तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला तर जंतू तिथेच मरतात, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कायमची हुकते. म्हणून आधीच विचारून घ्यावं : एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा साध्या सलाइनमध्ये. सलाइनचा भाग सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी. सीबीनॅटची तपासणी मशीनवर दोनेक तासांची, पण गाठीत जंतू मोजकेच असल्याने ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं ठरत नाही. द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह ठरायला सहा आठवडे लागतात. तेवढं थांबवत नाही, पण थांबावं.

टीबीत घेऱ्याचा मधला भाग मरून नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा भुसभुशीत होतो. याला केझिएशन म्हणतात. सार्कॉइडोसिसमध्ये बहुधा ते नसतं. मात्र सुई नेमकी कडेला लागली असेल तर टीबीतही चोथा दिसत नाही.

हातावर सुई टोचून करतात ती टीबीची मॉन्टू टेस्ट भरपूर उठली तर पारडं टीबीकडे झुकतं, अजिबात उठली नाही तर थोडं सार्कॉइडोसिसकडे. सार्कॉइडोसिसची खूण म्हणून तपासतात ती एसीई या एन्झाइमची रक्तातली पातळी मात्र उगाच भाव खाते. ती टीबीतही वाढते, आणि ब्लडप्रेशरसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर खाली येते.

टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, डोस वजनावर. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत मिळतात. सार्कॉइडोसिसमध्ये सगळ्यांना औषध लागतच नाही. नुसत्या गाठी बऱ्याचदा आपोआप बसतात. डोळे, हृदय, मेंदू यांना झळ लागली, कॅल्शियम वाढलं किंवा फुप्फुसाची क्षमता घटू लागली, की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं. सुरुवात बहुधा रोज २० ते ४० मिलिग्रॅमने, मग महिनोन्‌महिने हळूहळू कमी. मनाने एकदम बंद करायचं नाही. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर वार लिहून ठेवा.

निदान उलटं झालं तरी पहिले काही दिवस सगळं छान वाटतं, फसगत तिथे होते. टीबीवर नुसतं स्टेरॉइड दिलं तर ताप उतरतो, भूक लागते, आणि आत जंतू मोकाट पसरतात. सार्कॉइडोसिसवर टीबीची औषधं चालू असताना गाठी आपोआप आकसल्या तर श्रेय औषधांना जातं. दोन्ही एकत्र द्यायची वेळ आली तर टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध स्टेरॉइडचा निचरा वाढवतं, त्यामुळे ठरलेला डोस अपुरा पडतो.

सार्कॉइडोसिस ठरला की तक्रार नसली तरी डोळे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या स्लिट लॅम्प या दुर्बिणीवर दाखवावेत, ईसीजी काढावा, आणि रक्तातलं कॅल्शियम बघावं. शेवटचं विशेष महत्त्वाचं. थकवा म्हटला की आपल्याकडे व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट सुरू होतं. या आजारात ग्रॅन्युलोमाच डीचं सक्रिय रूप तयार करतात. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत डी कमी दिसतं आणि सक्रिय रूप मात्र जास्त असू शकतं. वरून पाकीट पडलं की कॅल्शियम चढतं, तहान वाढते, किडनीत खडे होतात. कॅल्शियम आणि दोन्ही प्रकारचं डी बघितल्याशिवाय ते पाकीट फोडू नये.