आरसा आवळायचा नसतो, तोलायचा असतो

घरी आरसा घासून दुर्बीण बांधणारे पुष्कळ जण अगदी शेवटी एक चूक करतात. आरसा हलू नये म्हणून क्लिपांचे स्क्रू पिळून आवळतात. मग तारा फोकसच्या जरा बाहेर नेला की त्याची चकती गोल दिसायच्या ऐवजी तिकोनी दिसते. घासण्यात खोट नसते. तीन क्लिपांनी काच दाबलेली असते.

काच कडक असली तरी स्वतःच्या वजनाने वाकतेच. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग हव्या त्या आकारापासून साधारण 70 नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागापेक्षा, जास्त ढळलेला चालत नाही. आणि जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर बाक सोळापट होतो. (काच हा संथ वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या चर्चच्या काचा खाली जाड झाल्या, ही अजून फिरणारी गोष्ट साफ चुकीची आहे. आरशाचा बाक लवचीकतेचा असतो; भार काढला की जातो.)

मग टेकू वाढवावेत का? तीन टेकूंवर वस्तू डुगडुगत नाही. नऊ पक्के टेकू मात्र इतक्या अचूकपणे एका पातळीत आणता येत नाहीत. काही भार घेतात, काही अधांतरी राहतात. यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. टेकू तीनच ठेवायचे, पण प्रत्येकावर एक त्रिकोणी पत्रा डुलता बसवायचा आणि आरसा त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या पॅडांवर ठेवायचा. कावडीची दांडी खांद्यावर मधोमध टेकली की दोन्ही घागरींचं ओझं सारखं होतं, तसंच हे. त्रिकोण गुरुत्वमध्याशी टेकलेला असेल तर तिन्ही पॅडांवर समान भार येतो. एखादा पॅड किंचित उंच झाला तर त्रिकोण कलतो आणि जुळवून घेतो. पॅड नेमका किती उंचीवर आहे याला महत्त्व उरत नाही. त्याने किती जोर लावायचा ते आधीच ठरलेलं असतं. टेकू आणि त्रिकोण यांच्यामध्ये डुलत्या पट्ट्या घातल्या, प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांवर एकेक त्रिकोण, की नवाचे अठरा पॅड होतात.

थॉमस ग्रब यांची अशीच तरफांची रचना आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांच्या 1845 सालच्या दुर्बिणीत होती. तिचा धातूचा आरसा 1.8 मीटर व्यासाचा, वजन सुमारे तीन टन. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या आरशाचे 36 षटकोनी तुकडेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 1.8 मीटरच, जाडी मात्र फक्त 7.5 सेंटिमीटर. त्यातला प्रत्येक तुकडा तीन तरफजोडण्यांवर, दर जोडणीला बारा, अशा 36 बिंदूंवर तोललेला आहे.

दुर्बीण क्षितिजाकडे झुकली की मागच्या पॅडांवरचा भार उतरतो आणि आरशाचं वजन खालच्या कडेवर येतं. तिथे दोन टेकू द्यावेत, सगळ्यात खालच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना 45 अंशांवर, आणि आरशाच्या जाडीत गुरुत्वमध्य जिथे येतो त्याच पातळीत. क्लिपा फक्त आरसा पुढे पडू नये यासाठी असतात. त्यांच्याखालून कागद सहज सरकला पाहिजे.