हँगिंग ऑन द टेलिफोन

पॉवर पॉप (जोरकस गिटारींवर सोपी, गोड चाल) या प्रकारातील इंग्रजी गाणे; नावाचा अर्थ ‘फोनवर ताटकळत’. शब्द व चाल जॅक ली (निधन २०२३) याची. लॉस अँजेलिसच्या ‘द नर्व्ह्ज’ या तिघांच्या बँडने १९७६ मध्ये स्वतःच काढलेल्या चार गाण्यांच्या ईपीवर (अल्बमपेक्षा छोट्या तबकडीवर) ते प्रथम आले आणि फारसे कुणाच्या कानी पडले नाही. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ब्लाँडी’ या बँडने ‘पॅरलल लाइन्स’ या अल्बमच्या आरंभीच ते घेतले. त्याच वर्षअखेरीस ते ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेले; अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत मात्र आले नाही.

ब्लाँडीपर्यंत ते कसे पोहोचले, याच्या दोन हकिकती आहेत. ब्लाँडीच्या चाहता-मंडळाचा प्रमुख व पुढे ‘गन क्लब’ या बँडचा गायक झालेला जेफ्री ली पियर्स याने कॅसेट पाठवली, ही अधिक प्रचलित. ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी हिच्या आठवणीनुसार टोकियोत टॅक्सीत ती कॅसेट वाजत असताना चालकाने स्टीअरिंगवर ठेका धरला, तेव्हाच गाणे घ्यायचे ठरले. पहिली हकिकत कॅसेट कुठून आली ते सांगते, दुसरी निवड कशी झाली ते. त्यामुळे दोन्ही एकत्र नांदू शकतात.

नर्व्ह्जच्या मूळ प्रतीत एक गिटार, एक बास, एक ड्रमसंच एवढाच ऐवज. सुरुवातीचे संगीत जवळपास नाहीच; शब्द लगेच सुरू होतात. ब्लाँडीत सहा जण. गिटारींचे थर, कीबोर्ड, क्लेम बर्कचे भरगच्च ड्रम. पण गाण्याचा सांगाडा तोच ठेवला आहे. ठळक भर एकच : आरंभीची टेलिफोनची घंटी. ही कल्पना निर्माता माइक चॅपमनची. घंटी ब्रिटिश वळणाची आहे : ०.४ सेकंद आवाज, ०.२ खंड, पुन्हा ०.४ आवाज, मग दोन सेकंद शांतता. अमेरिकी घंटी दोन सेकंद सलग वाजून चार सेकंद थांबते. भारतातील ‘ट्रिंग-ट्रिंग’ ब्रिटिश पद्धतीचीच असल्याने आपल्या कानाला ती घरची वाटते, अमेरिकी श्रोत्याला परकी.

घंटीचा तोटाही आहे. मूळ प्रतीत पहिल्याच शब्दाला बसणारा धक्का तिने थोडा बोथट होतो, कारण फोनचा विषय आधीच कळलेला असतो. तुलना करताना दोन्ही प्रतींचा आवाज समान करून घ्यावा. नंतरच्या रीमास्टर (ध्वनी नव्याने सुधारलेल्या) प्रती मोठ्याने वाजतात, आणि मोठे ते सरस असा कानाचा भ्रम होतो.

पुरुषाने लिहिलेले गाणे स्त्रीने सहज पेलले, याला भाषेची मदत झाली. इंग्रजी ‘मी’ला लिंग नाही, मराठीत आणायचे तर ‘ताटकळलोय’ की ‘ताटकळलेय’ हे आधी ठरवावे लागेल.

त्याच अल्बमवरचे ‘विल एनीथिंग हॅपन’ही लीचेच. त्याचे ‘कम बॅक अँड स्टे’ पॉल यंगने १९८३ मध्ये गाजवले.