नवा लॅपटॉप घेण्याआधी जुना कुठे अडतोय ते बघा

महिन्याची 20 तारीख जवळ आली, की नारायण पेठेतल्या एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात हमखास ऐकू येतं, ‘‘हा लॅपटॉप आता बदलायलाच हवा.’’ जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची घाई, हिशोबाचं टॅली उघडलेलं, एक्सेलच्या चार-पाच फायली, क्रोममध्ये पंचवीस टॅब आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. बजेट पस्तीस हजार. दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, ‘‘आय थ्री बघायचा की आय फाइव्ह?’’ म्हणजे बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं आणि बहुतेकदा प्रोसेसरपाशीच संपतं.

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट करावी. लॅपटॉप अगदी रडकुंडीला आलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. वर परफॉर्मन्सचे आकडे दिसतात. अशा ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर ते साधारण असे असतात: सीपीयू 18 टक्के, मेमरी 94 टक्के, डिस्क 100 टक्के. प्रोसेसरला काम सांगायचं तर त्याच्यासमोर माहितीच येत नाहीये. तो रिकामा बसलाय.

असं का होतं? प्रोसेसरला लागणारी माहिती मेमरीत, म्हणजे चालू काम हाताशी ठेवणाऱ्या रॅममध्ये असेल, तर ती साधारण 100 नॅनोसेकंदांत हाताशी येते. रॅम भरली, की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ती डिस्क एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क असेल, तर एका फेरीला 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिची तबकडी मिनिटाला 5,400 वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते टोक सरकायचा वेळ. एकूण हिशोब 15 मिलिसेकंदांपर्यंत जातो. हे आकडे इतके बारीक आहेत की फरक जाणवत नाही, म्हणून ताणून बघू. रॅमकडून माहिती यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीकडून यायला सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्ककडून पावणेदोन दिवस. या पावणेदोन दिवसांत प्रोसेसर आय थ्री आहे की आय सेव्हन, याने काय फरक पडणार?

म्हणून जुन्या मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवणं आणि रॅम वाढवणं हा पहिला विचार. नवा लॅपटॉप त्यानंतर. मात्र रॅमचे भाव 2025च्या अखेरीपासून चांगलेच चढले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. तेव्हा भाव विचारून मगच हिशोब मांडा.

बदलायचाच ठरला, तर प्रोसेसर किती नवा हवा? इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर 1974 साली दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे विजेचे सूक्ष्म खटके, लहान करताना त्यांचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केला, तर चिपच्या तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतात, ते वेगाने चालतात आणि उष्णता मात्र वाढत नाही. (आज सगळीकडे वापरली जाणारी एका ट्रान्झिस्टरची रॅमही डेनार्ड यांचीच, आपल्या करसल्लागाराचं दुखणं आणि त्यावरचा उतारा एकाच माणसाच्या कामाशी येऊन मिळतात.) साधारण 2005च्या सुमारास हा नियम थकला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, व्होल्टेज आणखी कमी करता येईना. पूर्वी प्रोसेसरचा वेग दर दोन-तीन वर्षांनी दुपटीच्या घरात जायचा, तो 3-4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळला. मग कंपन्यांनी कोर, म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढवायला घेतले.

पातळ लॅपटॉपमध्ये तेही सोपं नव्हतं, कारण तिथे प्रोसेसरला उष्णतेचं रेशन असतं: साधारण 15 वॉट. इंटेलचा 2016चा आय फाइव्ह 7200यू या रेशनमध्ये दोन कोर चालवायचा. 2017च्या आय फाइव्ह 8250यूने त्याच 15 वॉटमध्ये चार कोर बसवले. एकाच पिढीत दुप्पट! म्हणून ‘‘साहेब, आय सेव्हन आहे, घेऊन टाका’’ असं कोणी म्हणालं, तर पुढचा आकडा वाचावा, त्याच्या सुरुवातीवरून पिढी कळते. सातव्या पिढीचा आय सेव्हन 7500यू दोनच कोरचा आहे. आठव्या पिढीचा आय फाइव्ह रोजच्या कामात त्याच्यापेक्षा सरस. विंडोज 11ची मर्यादाही इंटेलपुरती मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीलाच येऊन टेकते, आणि विंडोज 10चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ऑफिसच्या कामाला सातवी पिढी आता घेऊच नये, फुकट मिळाली तरी.

पुणेकरांना इथे एक फायदा आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून, बाजारात येतात: लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. यांतल्या बऱ्याच मॉडेलांत रॅमचे दोन स्लॉट असतात, कीबोर्ड दणकट असतो, तळाचे स्क्रू काढले की आत हात घालता येतो. पस्तीस हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम अनेकदा बोर्डावरच डकवलेली असते. स्लॉट नसेल तर ती जन्मभर तेवढीच. माझं मत विचाराल तर ऑफिसच्या कामाला 16 जीबीचं आठव्या-दहाव्या पिढीचं जुनं मशीन बरं. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल किंवा वॉरंटीशिवाय झोप लागत नसेल, तर गोष्ट वेगळी.

जुन्यात खरी गोम असते ती बॅटरीत. लिथियम-आयन बॅटरीच्या ग्रॅफाइटच्या टोकावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर धरतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी टिकणार नाही. पण तो वाढत राहतो आणि वाढताना लिथियम गिळतो. गिळलेलं लिथियम परत कामाला येत नाही. उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली बॅटरी, या दोन्हींनी तो जोरात वाढतो. कंपनीतला लॅपटॉप काय करत असतो? दिवसभर चार्जरला लावलेला, 100 टक्क्यांवर, गरम. त्यामुळे चार्जिंगचे फेरे कमी असूनही बॅटरी थकलेली निघते.

काउंटरवरच तपासता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या आणि तयार झालेली फाइल उघडा. डिझाइन कपॅसिटी 50,000 आणि फुल चार्ज कपॅसिटी 31,000 मिलिवॉट-अवर दिसली, तर बॅटरी 62 टक्क्यांवर आलीय. नवीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मग झाकण बंद करून लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवा. डुगडुगला, किंवा झाकण उघडल्यावर टचपॅड दाबताना घट्ट लागला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. बिघडलेल्या बॅटरीत वायू साठतो. असं मशीन सरळ परत द्या.

आणखी एक. काही कंपन्यांच्या लॅपटॉपची नोंद त्यांच्या नावावर ऑनलाइन तशीच राहिलेली असते. दुकानात छान चालतं. घरी विंडोज नव्याने टाकलं, की पडद्यावर त्या कंपनीचं लॉगिन मागितलं जातं आणि तुम्ही तिथेच अडकता. म्हणून पैसे देण्याआधी लॅपटॉप तुमच्यासमोर रीसेट करून घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून सेटअप अगदी पहिल्या पडद्यापासून करा, बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते बघा, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.