अपूर्णांकांचा सराव आणि शाब्दिक उदाहरणं (उच्च प्राथमिक गणित)

उच्च प्राथमिक वर्गांत, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षांच्या मुलांकडून, अपूर्णांकांच्या चारही क्रिया पक्क्या करून घेणं आणि मग त्याच क्रिया गोष्टीच्या रूपातल्या प्रश्नांत वापरायला लावणं, अशा दोन कामांना मिळून हे नाव आहे. समच्छेद करणं, लसावि काढणं, पूर्णांकयुक्तचा अंशाधिक करणं, काटाकाट करून संक्षिप्त रूप देणं वगैरे सगळ्यांनीच शाळेत केलेलं असतं, त्याची इथे उजळणी नाही. सध्याच्या पुस्तकांत बहुतेक वेळा आधी कोरी (नुसत्या आकड्यांची) गणितं आणि प्रकरणाच्या शेवटी शाब्दिक असा क्रम दिसतो. जुन्या ग्रंथांत मात्र सूत्र आलं की लगेच त्याचं शाब्दिक उदाहरण येतं, दोन्ही वेगळं काढायची पद्धत नव्हती. खाली दिसेल तसं, मुलांचा घोळ आकडेमोडीत होतो त्यापेक्षा 'हा भाग नेमका कशाचा?' या एका प्रश्नावर जास्त होतो, आणि जुन्या गणितज्ञांना हे चांगलंच माहीत होतं असं दिसतं.

जुने पुरावे

इजिप्तचा ऱ्हाइंड पपायरस साधारण इ.स.पू. १५५० चा धरतात. तो लिहिणारा आहमोस स्वतःच सांगतो की ही जुन्या लेखनाची नक्कल आहे, म्हणून मूळ मजकूर तीनेकशे वर्षं मागे नेतात. त्यात २/३ सोडला तर बाकी सगळे अपूर्णांक अंश १ असलेल्यांची बेरीज करून लिहिलेत, उदा. २/५ म्हणजे १/३ + १/१५, आणि ३ ते १०१ पर्यंतच्या विषम छेदांसाठी २ भागिले ती संख्या याचा आख्खा तक्ताच दिलाय. त्यातलं २४ वं उदाहरण आजही सहावीच्या मुलाला देता येईल: एक राशी (म्हणजे संख्या) आणि तिचाच सातवा भाग मिळून १९, तर राशी किती? उत्तर १६ ५/८. इथेही 'तिचाच' हा शब्द सुटला तर गणित फसतं.

चीनमधल्या 'नऊ अध्याय' या ग्रंथात (संकलन साधारण इ.स.च्या पहिल्या शतकापर्यंत, लिउ हुईची टीका २६३ ची) अपूर्णांकांच्या बेरीज, वजाबाकी, तुलना, गुणाकार, भागाकार या सगळ्यांचे नियम पहिल्याच अध्यायात येतात. भागाकार मात्र आधी दोघांचे छेद समान करून मग अंशाला अंशाने भागायचा असा आहे.

भारतीय बाजूला सगळ्यात जास्त वाद आहे तो बख्शाली हस्तलिखितावर, आणि सरावाच्या दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं असल्यामुळे थोडं सविस्तर. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या (आता पाकिस्तान) बख्शाली गावात भूर्जपत्रांची ही चळत सापडली, साधारण ७० तुकडे उरलेत, १९०२ पासून ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. हर्नले यांनी मूळ ग्रंथ तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानला, जी. आर. के यांनी तो खेचून बाराव्या शतकात आणला, आणि हायाशी यांनी १९९५ च्या आवृत्तीत भाषा, संज्ञा वगैरे पाहून ग्रंथ सातव्या शतकाच्या आसपासचा ठरवला. मग २०१७ मध्ये ग्रंथालयाने तीन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली आणि तीन वेगवेगळे काळ निघाले: २२४ ते ३८३, ६८० ते ७७९ आणि ८८५ ते ९९३. बातम्यांत अर्थातच पहिलाच आकडा गाजला. प्लॉफ्कर, हायाशी वगैरे अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतला की अक्षर एका हातचं आहे, मजकूर सलग आहे, तेव्हा तीन पानं तीन शतकांत लिहिली असं म्हणता येत नाही, धरायचा तर सगळ्यात उशिराचा काळ धरा. नंतरच्या चाचण्यांचा कलही साधारण नवव्या ते अकराव्या शतकाकडे आहे. त्यामुळे हाती असलेली प्रत उशिराची आणि ग्रंथ त्याआधीचा, हे हायाशींचं मत धरून चालायला सध्या तरी हरकत नसावी.

तारखेपेक्षा महत्त्वाची आहे त्यातली मांडणी. आधी उदाहरण शब्दांत, मग 'स्थापना', म्हणजे आकडे चौकटीत मांडणं, मग 'करण', म्हणजे सोडवणूक, आणि शेवटी 'प्रत्यय', म्हणजे ताळा. आजच्या वहीत पहिल्या तीन पायऱ्या असतात, चौथी बहुतेक वेळा गायब असते.

अंश वर छेद खाली ही मांडणी इथे आहे पण मधली आडवी रेघ नाही, पूर्णांकयुक्त असेल तर पूर्णांक सगळ्यात वर, खाली अंश, त्याखाली छेद अशी तीन मजली रचना. रेघ मगरिबातल्या (वायव्य आफ्रिका) अल-हस्सार या बाराव्या शतकातल्या गणितज्ञाच्या लेखनात प्रथम मिळते असं साधारण मानतात, फिबोनाचीने ती १२०२ च्या ग्रंथात उचलली (आणि अरबी वळणाने अपूर्णांक पूर्णांकाच्या डावीकडे लिहिला), पण सगळीकडे रुळायला सोळावं शतक उजाडलं.

'उलटा करून गुणा' हा नियम कोणाचा यावरही एकमत नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, भाजकाचे अंश आणि छेद अदलाबदल करून गुणाकार करायचा, असं स्पष्ट सांगितलंय. आर्यभटाच्या (४९९) त्रैराशिकाच्या नियमात तो गृहीतच आहे असं काही अभ्यासक म्हणतात, ते शक्य आहे, पण स्पष्ट विधान हवं असेल तर ब्रह्मगुप्तच धरावा लागतो. युरोपात समान छेदाची पद्धत बराच काळ चालली, स्टिफेलच्या १५४४ च्या ग्रंथात उलटा करायची रीत दिसते.

जाति: उदाहरणांची जुनी वर्गवारी

महावीराचार्यांनी साधारण ८५० च्या सुमारास गणितसारसंग्रहात अपूर्णांकांच्या सहा जाति दिल्या: भाग, प्रभाग, भागभाग, भागानुबंध, भागापवाह आणि या सगळ्यांचं मिश्रण असलेली भागमातृ. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) त्या चारच आहेत, भागभाग आणि भागमातृ वगळून. भाग जातीत सुटे अपूर्णांक एकत्र करायचे, म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी. प्रभाग म्हणजे भागाचा भाग, म्हणजे गुणाकार. भागानुबंधात एखादी राशी स्वतःच्याच काही भागाने वाढते, भागापवाहात तितक्याने घटते. चार की सहा यावर पुढच्या टीकाकारांनी बरीच शाई खर्च केलीय, ते इथे सोडून देऊ.

वर्गात जास्त उपयोगी पडेल अशी गोष्ट महावीराचार्यांच्या पुढच्या व्यवहारात, म्हणजे प्रकरणात, आहे. तिथे ते 'भागजाति' आणि 'शेषजाति' असे दोन वेगळे प्रकार करतात: पहिल्यात सगळे भाग मूळ राशीचे, दुसऱ्यात प्रत्येक भाग उरलेल्याचा. लीलावतीतलं भुंग्यांचं प्रसिद्ध उदाहरण मूळ राशीच्या प्रकारातलं आहे: पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला. १/५ + १/३ + ३ × (१/३ − १/५) = १४/१५, उरला १/१५ म्हणजे एक, म्हणून एकूण १५. ग्रीक संग्रहातलं डायोफँटसच्या वयाचं कोडं (आयुष्याचा १/६, १/१२, १/७, मग ५ वर्षं, १/२, मग ४ वर्षं, उत्तर ८४) त्याच प्रकारचं.

घोळ कुठे होतो

एक शेषजातीचं उदाहरण घेऊ. पुस्तकाची १/३ पानं पहिल्या दिवशी वाचली, उरलेल्या पानांपैकी १/४ दुसऱ्या दिवशी, आता ९० पानं राहिलीत, तर पुस्तक किती पानांचं? बरोबर रीत: २/३ × ३/४ = १/२ उरलं, म्हणून १८० पानं. आता 'उरलेल्या' हा शब्द नजरेतून सुटलेला मुलगा १/३ + १/४ = ७/१२ करतो, उरले ५/१२, म्हणजे ९० ला ५ ने भागून १२ ने गुणून २१६. आकडा छान पूर्ण येतो, काटाकाट पण सुरेख होते, त्यामुळे संशयच येत नाही. ताळा केला तर मात्र पकडला जातो: २१६ चा तिसरा भाग ७२, उरली १४४, त्यातली ३६ वाचली, राहिली १०८. प्रश्नात तर ९० आहेत. असे आकडे उदाहरण रचणाऱ्याने मुद्दाम निवडावेत, कारण चुकीचं उत्तर ओबडधोबड अपूर्णांकात आलं की मुलं बरोबर उत्तराच्या शोधात पद्धत बदलून बघतात, प्रश्न परत वाचत नाहीत.

जोडीने द्यायची उदाहरणंही अशीच. टाकी २/३ भरलेली आहे, त्यातलं १/४ पाणी वापरलं: इथे उरलं २/३ चं ३/४, म्हणजे अर्धी टाकी. आणि टाकी २/३ भरलेली आहे, टाकीच्या १/४ इतकं पाणी वापरलं: इथे २/३ − १/४ = ५/१२ टाकी. आकडे तेच, वाक्य जवळपास तेच, क्रिया वेगळी. 'चा-ची-चे दिसलं की गुणा, उरले दिसलं की वजा करा' हा क्लासेसमध्ये फार चालणारा फॉर्म्युला इथे दोन्हीकडे लागू पडल्यासारखा दिसतो आणि दोन्हीकडे अर्धवट निघतो, तरीही तो शिकवला जातो कारण कोऱ्या सरावाच्या पानावर तो चालून जातो.

भागाकारात हाच प्रश्न शेवटच्या पायरीवर येऊन बसतो. ५ मीटर दोरीचे २/३ मीटरचे किती तुकडे? ५ × ३/२ = ७ १/२. तुकडे ७, आणि उरली किती? बरीच मुलं अर्धा मीटर लिहितात. तो अर्धा मीटरचा नाही, तुकड्याचा आहे, म्हणजे उरली १/३ मीटर. ताळा: ७ × २/३ = १४/३, ५ म्हणजे १५/३, उरला १/३. गणित सगळं बरोबर असून एकक चुकल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

कोऱ्या आकडेमोडीतली नेहमीची चूक म्हणजे १/२ + १/३ = २/५, अंशात अंश, छेदात छेद. २/५ तर अर्ध्याहूनही कमी, मग अर्ध्यात काहीतरी मिळवून ते कमी कसं झालं, असं विचारलं की बहुतेक मुलं स्वतःच थांबतात. अडचण अशी की हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १९७८ च्या सुमारास १२/१३ + ७/८ चा फक्त अंदाज विचारला होता, पर्याय १, २, १९, २१. दोन्ही संख्या एकच्या जवळ, म्हणजे उत्तर २, पण १३ वर्षांच्या मुलांपैकी साधारण २४ टक्क्यांनीच ते निवडलं, निम्म्याहून जास्त १९ किंवा २१ कडे गेले. म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच डोक्यात नव्हतं, वर एक आकडा खाली एक आकडा एवढंच.

अभ्यासकांची मतं

कीरन यांनी १९७६ पासून मांडलेली विभागणी अजून सगळे वापरतात: पूर्णाचा भाग, भागाकाराचं उत्तर, माप, गुणोत्तर आणि 'इतका भाग घ्या' असं काम करणारी क्रिया, असे एकाच अपूर्णांकाचे वेगवेगळे अर्थ. शाळेत पहिल्यावरच भर असतो, आणि छायांकित आकृत्यांच्या सवयीमुळे ७/५ सारखा अंशाधिक मुलांना खोटा वाटतो. म्हणून एक गट संख्यारेषेपासून सुरुवात करा म्हणतो, दुसरा पट्टीच्या आकृत्यांपासून, जसं सिंगापूरने १९८० च्या दशकात सरकारी अभ्यासक्रमातच आणलं. शेषजातीच्या उदाहरणांना पट्टी बरी पडते, उरलेला तुकडा डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा वाटता येतो. तुलना आणि अंदाज यांना संख्यारेषा. दोन्ही वापरले तर काही बिघडत नाही, पण वाद चालूच आहे.

सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती तपासून दाखवलं की दहाव्या वर्षीचं अपूर्णांक आणि भागाकाराचं ज्ञान पुढे हायस्कूलच्या गणिताचा बऱ्यापैकी अंदाज देतं, बुद्ध्यांक, घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरूनही. यातून कार्यकारण सिद्ध होतं असं नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

शिक्षकांबद्दल लिपिंग मा यांचा १९९९ चा अभ्यास आहे. १ ३/४ ÷ १/२ हे सोडवा आणि यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा, असं अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना सांगितलं. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं आणि बहुतेकांची उदाहरणंही. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी जणांचं उत्तर बरोबर आलं, आणि ज्यांना गणित आलं त्यांनाही गोष्ट जमेना: बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत समान वाटण्याची गोष्ट लिहिली, म्हणजे उत्तर ३ १/२ च्या ऐवजी ७/८.

सरावाची पद्धत

एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने दिली की दुसऱ्यापासून मुलं प्रश्न वाचायचंच सोडतात, क्रिया कोणती ते माहीतच असतं. प्रकार मिसळून दिले तर सुरुवातीला मार्क पडतात ते कमी, पण नंतरच्या परीक्षेत टिकतं, असं मिसळलेल्या सरावावरचे प्रयोग साधारणपणे सांगतात. अपूर्णांकांपुरतं बघायचं तर त्यातही मूळ राशीचा भाग आणि उरलेल्याचा भाग हे दोन प्रकार शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येक अपूर्णांकावर बाण काढून तो कशाचा हे लिहायला लावावं, आकडेमोड त्यानंतर. उलटी दिशाही हवी: ३/४ × २/५ दिलं, यावर गोष्ट मुलाने लिहायची आणि शेजारच्याने ती सोडवायची. उत्तर ३/१० आलं नाही तर चूक सोडवणाऱ्याची की लिहिणाऱ्याची हे दोघांनी मिळून शोधायचं.

दशांश अपूर्णांक आणि शतमान यांच्याशी जोडकाम त्याच वर्षांत सुरू होतं, पण ते वेगळ्या नोंदीचं काम आहे.