मे महिन्यात पुण्याला? छत्री नको, टोपी आणा

'मुंबईत उकडतंय? चार दिवस पुण्याला या, मस्त थंड हवा.' मुंबईच्या पाहुण्यांना हे आमंत्रण वर्षानुवर्षं मिळतंय. खरं निघतं ते अर्धंच.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारचा पारा सहज 38 अंशांवर जातो, कधी चाळिशी गाठतो. मुंबई तेव्हा बहुधा 33-34 वर असते, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर असलं तरी समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला.

मग मुंबईत जास्त हाल का होतात? दमटपणामुळे. घाम वाळतच नाही. पुण्यात दोरीवरचा टॉवेल तासाभरात कडक होतो, माठातलं पाणी गारेगार होतं, वाळ्याचा कूलर मनापासून काम करतो. तोच कूलर दादरच्या खोलीत लावा, नुसती ओल वाढेल.

थंडीचं श्रेय मात्र पुण्याचंच. रात्री, पहाटे आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबईने बोलूच नये.

इंग्रज गव्हर्नरांना हा हिशेब पक्का ठाऊक होता. उन्हाळ्यात ते महाबळेश्वर गाठत आणि पुण्याला येत ते पावसाळ्यात, मुंबईची संततधार चुकवायला. गणेशखिंडीतला त्यांचा तो बंगला म्हणजे आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पुण्यात वर्षाकाठी पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत 2000च्या वर.

तेव्हा यायचं तर जुलैत या. मे महिन्यात दुपारी एक ते चार आम्हीही दार लावून झोपतो, बेल वाजवू नका.